बोलला त्यानं कप धुवायचे

आमच्या बुद्धिबळ क्लबात प्रत्येक डाव वहीत उतरवून ठेवायची शिस्त होती. कोणी कुठला मोहरा कुठे ठेवला, किती मिनिटं घेतली, सगळं! अशा चौदा वह्या भरल्या. त्यांतल्या अकरा वाळवीनं खाल्ल्या आणि उरलेल्या तीन कोणाकडे आहेत ते कोणालाच आठवत नाही. किस्से मात्र आम्ही कधी लिहिले नाहीत, आणि त्यांतला एकही हरवला नाही. उलट दर वर्षी एखादा वाढतोच. जुनी चार माणसं भेटली, की एक जण म्हणतो "ते आठवतं का हो?" आणि मग समोरचा चहा थंड होतो.

क्लब म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. जालन्यात मस्तगडला गफूरभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्या दुकानावरचा माळा म्हणजे आमचा क्लब. छत इतकं खाली की उंच माणसानं आल्याबरोबर बसूनच घ्यावं. मी तेव्हा शाळेत गणित शिकवायचो. आडनाव पडूळ, पण माळ्यावर सगळे 'सर'च म्हणायचे. आणि आमच्यातला खरा खेळाडू म्हणजे उत्तम साळवे. मूळचा केदारखेड्याचा, जालन्यात पोस्टमन. दिवसभर गावाची टपालं वाटायचा आणि संध्याकाळी आम्हाला ओळीनं हरवायचा.

क्लबाचा नियम एकच. डाव चालू असताना बघ्यानं तोंड उघडायचं नाही. उघडलं, तर त्यानं सगळ्यांचे कप धुवायचे. कारण समोरचा टपरीवाला कपबशा द्यायचा, पण धुऊनच परत मागायचा.

०००

एकदा उत्तमचा डाव रंगात आला होता. गफूरभाई बाजूला बसून बघत होते. उत्तमनं मोहऱ्याकडे हात नेला, आणि गफूरभाईंना खोकल्याची उबळ आली. उत्तमचा हात थांबला. त्यानं पटाकडे पुन्हा बघितलं, हात मागे घेतला आणि दुसरीच चाल केली.

डाव संपल्यावर उत्तम म्हणाला, "गफूरभाई, कप!"

"मी बोल्लो कुठं? खोकलो!"

"दोन तासांत एकदाबी न्हाई खोकले तुम्ही. माझा वजीर फुकटात जाऊन राह्यल्ता, तवाच कसा आला खोकला?"

गफूरभाईंनी बिचाऱ्यांनी मुकाट्यानं कप धुतले. लक्षात घ्या, ज्याचा वजीर वाचला त्यानंच तक्रार केली होती! आमच्याकडे असंच होतं.

आणि मी? अठरा वर्षांत मी एकही कप धुतला नव्हता. याचा मला गर्व होता. थोडाथोडका नाही, चांगलाच होता.

०००

या गर्वाला पहिला तडा गेला तो औरंगाबादचे एक पाहुणे खेळायला आले तेव्हा. उत्तम त्यांच्याशी खेळत होता आणि मी मागे उभा. उत्तम जिंकला. पाहुणे गेल्यावर मला म्हणाला, "सर, आभारी हाये."

"कशाबद्दल?"

"तुम्ही चष्मा पुसला म्हनून."

मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. समोर कोणाच्या हातून मोठी चूक होणार असली, की मी चष्मा काढतो आणि सदऱ्याच्या टोकानं पुसतो. दर वेळी! "आठ वर्षं झाले सर, मी बघून राह्यलो. आज बी हत्ती हलवणार व्हतो. तुमचा चष्मा निघाला अन् मी हात मागं घेतला."

मी खरंच हादरलो. माझं मलाच ठाऊक नव्हतं हो! गफूरभाई तर खूश झाले. "मंग आज सरनी कप धुवायचे!"

यावर माळ्यावर अर्धा तास खल झाला. शेवटी उत्तमनंच निकाल दिला. "नियमात तोंड हाये, चष्मा न्हाई. अन् सरनी काही जाणून केलं न्हाई. सर सुटले."

मी सुटलो. पण त्या दिवसापासून कोणाच्याही पटाशेजारी उभा राहिलो की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायला लागलो.

०००

गफूरभाई दुकानाचं शटर सातला ओढायचे. डाव अर्धवट राहिला तर काय करायचं? मोठ्या स्पर्धांत याची एक रीत असायची. डाव तहकूब होताना ज्याची चाल असेल त्याला घरी जाऊन निवांत विचार करायला मिळतो, हा दुसऱ्यावर अन्याय. म्हणून त्यानं आपली चाल पटावर न करता कागदावर लिहायची, पाकिटात बंद करायची आणि पाकीट पंचांकडे द्यायचं. डाव पुन्हा सुरू होताना पंच पाकीट फोडणार. हिला बंद चाल म्हणतात.

आम्ही पाकिटं कुठून आणणार? आम्ही एस.टी.च्या तिकिटामागे चाल लिहायचो, घडी घालायचो आणि स्वतःच्याच खिशात ठेवायचो! दुसऱ्या दिवशी खिशातून काढून समोरच्याला दाखवायची. इतक्या वर्षांत कोणी घरी जाऊन चाल बदलली असेल अशी शंकाही कोणाच्या मनात आली नाही.

एकदा उत्तमच्या बायकोनं, शांताबाईंनी, शर्ट धुतला. दुसऱ्या दिवशी उत्तम मुठीत एक लगदा घेऊन आला. "चाल धुतल्या गेली, सर!"

गफूरभाईंनी डोळ्याला घड्याळवाल्यांचं भिंग लावलं आणि चिमट्यानं तो लगदा उलगडायला बसले. वीस मिनिटांनी म्हणाले, "कायबी दिसत न्हाई. तूच सांग बाबा, काय लिवल्तं?"

"घोडा लिवल्ता."

"मंग घोडा!" आणि डाव पुढे सुरू झाला.

त्या दिवशी नांदेडचे एक वकील बघायला आले होते. ते म्हणाले, "अहो, याला काही पुरावा?" गफूरभाईंनी भिंग काढलं आणि शांतपणे म्हणाले, "वकीलसाब, पोस्टमनच्या खिशातला कागद हाये. अजून काय पाहिजे?"

०००

मग नव्वदच्या आसपास ती मोठी स्पर्धा आली. बियाण्यांच्या धंद्यातल्या एका शेठजींच्या मनात आलं की आपल्या जालन्यात काहीतरी आंतरराष्ट्रीय व्हावं. कुस्ती नको, तिथे मारामाऱ्या होतात. क्रिकेट नको, मैदान धड नाही. कोणीतरी बुद्धिबळ सुचवलं. शेठजींनी विचारलं, "आवाज होतो का?" "अजिबात नाही." "मंग करा!"

दहा खेळाडू, प्रत्येकाचे नऊ डाव. चार परदेशी ग्रँडमास्टर. त्यांत सोव्हिएतचा ग्लेब, गोल चेहऱ्याचा, सदा पेंगुळलेला. आणि हंगेरीचा मिक्लोश, काटकुळा, एका जागी दोन मिनिटं न बसणारा. बाकी आपल्याकडचे नावाजलेले पाच. आणि दहावी जागा शेठजींनी हट्टानं गावच्या माणसाला ठेवली. म्हणजे उत्तमला.

उत्तमसाठी ही स्पर्धा काय होती ते सांगायला हवं. आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळायला तीन वेळा ठरावीक कामगिरी करून दाखवावी लागते. तिला नॉर्म म्हणतात. उत्तमचे दोन झाले होते. तिसऱ्यासाठी पाच वर्षांत तो रजा काढून काढून आठ ठिकाणी खेळला, आणि आठही वेळा अर्ध्या नाहीतर एका गुणानं राहिला. वय छत्तीस. मोठी मुलगी दहावीला. इथे नऊ डावांत पाच गुण हवे होते; जिंकला तर एक, बरोबरीला अर्धा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, "सर, ही शेवटची. झालं तर झालं, न्हाई तर आपली सायकल अन् आपली टपालं."

मुख्य पंच मद्रासचे राघवनसाहेब. मी पंचांची परीक्षा पास झालेलो, म्हणून त्यांचा सहायक. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"साळवे तुमचा मित्र आहे असं ऐकलं."

"हो, सर."

"नऊ दिवस तो तुमचा मित्र नाही."

मी मान हलवली. उत्तमला सांगितलं तर तो म्हणाला, "बराबर हाये."

पण मला माझा चष्मा आठवला! मी मनाशी ठरवलं, नऊ दिवस हॉलमध्ये चष्म्याला हात लावायचा नाही. जानेवारीची आमची धूळ तुम्हाला ठाऊकच आहे. चौथ्या दिवशी मला घड्याळाचे काटे नाकाजवळ नेऊन वाचावे लागत होते. राघवनसाहेब म्हणाले, "मिस्टर पडूळ, तुमचा चष्मा फार मळलाय."

"राहू द्या, सर!"

०००

पाचव्या डावाला केदारखेड्याहून उत्तमचे चुलते आले. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. तात्या पारावर देशी पद्धतीनं खेळणारे, आपल्या गावात नावाजलेले. मी त्यांना दारातच सांगितलं की बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. तात्या चार तास मांडी घालून खुर्चीवर बसले. दर पंधरा मिनिटांनी माझ्याकडे बघून भुवया उडवायचे, म्हणजे कोण जिंकून राह्यलं? मी मान खाली घालायचो.

शेवटी ते हळूच माझ्याजवळ आले. "मास्तर, तुमाला कळत न्हाई, का सांगायचं न्हाई?"

"सांगायचं न्हाई, तात्या."

"मंग तुमी हितं कामून हायेत?"

तेवढ्यात उत्तमनं आपला वजीर उचलला आणि सरळ शत्रूच्या तोंडात नेऊन ठेवला. समोरच्यानं तो खाल्ला. सगळा हॉल पुढे झुकला. तात्यांनी कपाळाला हात लावला, टोपी उचलली आणि निघून गेले. वजीर गेला म्हणजे तात्यांच्या लेखी सगळंच गेलं. तेव्हा मला त्यांच्यामागे धावून सांगावंसं वाटलं की थांबा, तो मुद्दाम दिलाय! पण मी पंच होतो. माझे हात पाठीमागे होते आणि पाय जागच्या जागी.

सात चालींनी उत्तमनं मात केली.

तात्यांनी मात्र तोवर भोकरदनची गाडी पकडली होती. संध्याकाळी केदारखेड्यात उत्तमच्या आईजवळ बायका येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आई जालन्याला आली ती डब्यात पुरणपोळी घेऊनच. लेकाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "हारला तर हारला. वजिरापायी जेवण सोडू नको!"

०००

मिक्लोशबद्दल मला आधी जरा धाकधूकच होती. सारखा उठायचा, दुसऱ्यांच्या पटांवर डोकावायचा, मोसंबी सोलत हॉलच्या मागे फिरायचा. सातव्या डावात त्याची गाठ ग्लेबशी पडली. दोघंही सगळ्यांच्या पुढे, गुण सारखे. मिक्लोशचा डाव वरचढ. ग्लेब चहा घ्यायला उठून गेला होता. मी दुसऱ्या पटाकडे बघत होतो. राघवनसाहेब फोनवर.

थोड्या वेळानं बघतो तर मिक्लोश कपाळ धरून बसलाय. चार मिनिटं, पाच मिनिटं. मग त्यानं हत्ती उचलला आणि एक अगदीच फालतू चाल केली. हातातला डाव सुटला. बरोबरी झाली. हक्काचा अर्धा गुण गेला!

नंतर दोघं डाव पुन्हा मांडून बघत होते. मी शेजारी उभा होतो. ग्लेबनं विचारलं, "हत्ती का?"

"त्याला बोट लावलं होतं." ज्या मोहऱ्याला हात लावला तोच चालवायचा, हा नियम.

"मी नव्हतो तेव्हा?"

"हो."

ग्लेबनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मीही बघितलं नव्हतं. "मग? कोणीच पाहिलं नाही!"

मिक्लोश मोसंबीची फोड तोंडात टाकत म्हणाला, "हत्तीनं पाहिलं ना."

त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, माणूस असावा तर असा. मनापासून सांगितलं. म्हणूनच पुढचं सांगताना अजून मला अवघड होतं.

०००

शेवटचा डाव. मिक्लोश आणि ग्लेब, दोघांचेही सहा गुण. उत्तमचे साडेचार. आणि उत्तमची गाठ मिक्लोशशी! बरोबरी झाली तरी उत्तमचे पाच होणार, नॉर्म होणार, किताब होणार. हरला तर सगळं संपलं.

सकाळी दहाला सुरुवात. गफूरभाई पहिल्या रांगेत, शांताबाई त्यांच्या मागे. ग्लेबनं आपला डाव बाराच्या आतच बरोबरीत सोडवला आणि साडेसहा गुणांवर जाऊन बसला. आता मिक्लोशला एकट्याला पहिलं यायचं तर जिंकावंच लागणार होतं. तो जिंकायला गेला आणि जास्तच पुढे गेला. तीन वाजता, पाच तास खेळून झाल्यावर, उत्तमकडे एक प्यादं जास्त होतं.

राघवनसाहेबांनी डाव तहकूब केला. पाच वाजता पुढे. चाल उत्तमची, म्हणजे बंद चाल त्याची.

मी पांढरं पाकीट नेऊन दिलं. उत्तमनं पाठ वळवली, चाल लिहिली, कागदाची घडी घातली. पाकिटाला डिंक लावला, तोंड बंद केलं. दोघांनी वरून सह्या केल्या आणि पाकीट माझ्या हातात आलं.

मी ते कपाटाकडे घेऊन निघालो. तुम्ही पंचवीस वर्षं उत्तरपत्रिका हाताळल्या असतील, तर तुमचा अंगठा आपोआप कागद मोजतो. माझ्या अंगठ्यानं मोजला.

पाकिटात काही नव्हतं!

मी मागे वळून बघितलं. उत्तम उभा राहून आळस देत होता. पांढरा टेरिलिनचा शर्ट. त्याच्या खिशातून आरपार चाली लिहायचा छापील चौकटींचा, घडी घातलेला कागद दिसत होता. अठरा वर्षांची सवय. हात खिशातच गेला होता.

पाकीट रिकामं निघालं तर डाव हरला, नियम अगदी स्पष्ट आहे. मी राघवनसाहेबांना सांगितलं तर उत्तम हरणार. काहीच सांगितलं नाही तर पाचला पाकीट फुटणार आणि उत्तम हरणार. आणि उत्तमला सांगितलं, तर मी पंच कसला? मी पाकीट कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून तिथेच उभा राहिलो.

०००

हॉलच्या मागे मांडवात चहा होता. उत्तम, गफूरभाई आणि शांताबाई एका टेबलाशी बसले होते. मला तिकडे जायचं नव्हतं. पण गफूरभाईंनी हाक मारली, "सर, चाय!" आणि न जाणं जास्तच विचित्र दिसलं असतं.

मी बसतोय न बसतोय तोच मिक्लोश आला. उत्तमसमोर उभा राहिला आणि हात पुढे केला. "बरोबरी?"

बरोबरीनं त्याला ग्लेबच्या बरोबरीचा पहिला नंबर मिळत होता. एक प्यादं कमी असताना त्याच्या जागी कोणीही हेच केलं असतं.

उत्तमनं त्याच्या हाताकडे बघितलं, मग म्हणाला, "दहा मिनिटं. थिंक." मिक्लोशनं मान डोलावली आणि मांडवाच्या टोकाला उन्हात जाऊन मोसंबी सोलायला लागला.

मला नियम पाठ होता. पाकीट फुटायच्या आधी बरोबरी ठरली, सह्या झाल्या, तर ती कायम. पाकिटात काही असो नसो.

"बिलकुल नको घेऊ!" गफूरभाई टेबलावर हात आपटत म्हणाले. डाव तहकूब असताना खेळाडूला सल्ला घ्यायला परवानगी असते, त्यामुळे ते मोकाट सुटले होते. "प्यादं जास्तीचं हाये. घाबरला म्हनून आला तो!"

"मला बी तेच वाटून राह्यलं," उत्तम म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "गफूरभाई, आज न्हाई तर कधी हारवणार ग्रँडमास्टरला? नॉर्म तर व्हतोच, वरून हा बी! सगळ्या जालन्यात नाव व्हईल."

शांताबाई हळूच म्हणाल्या, "बरोबरीनं बी किताब भेटतो ना?"

"भेटतो. पन जिंकून भेटला तर वेगळं असतं."

त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. काढ, बाबा. एकदा तो कागद बाहेर काढ आणि तुझा तूच बघ! बोटं आत गेली, कागद थोडा वर आला, आणि बोटांनी त्याच्यामागून सुपारीची पुडी काढली. कागद पुन्हा खाली बसला.

"सर," उत्तम माझ्याकडे वळला. "घेऊ का?"

"मला नको विचारू," मी म्हणालो. "मी पंच आहे."

"बराबर हाये. चुकलो." त्यानं सुपारी तोंडात टाकली. "मंग सांगून टाकतो त्याला. खेळू म्हनावं." आणि तो खुर्ची मागे सारायला लागला.

तेवढ्यात पोऱ्यानं माझ्यापुढे चहा ठेवला. चहा उकळता होता. मी कप तोंडाजवळ नेला आणि आधीच मळलेल्या चष्म्यावर वाफ चढली. समोरचं काही म्हणजे काही दिसेना. मी कप खाली ठेवला, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला. आधी डावी काच, मग उजवी. नऊ दिवसांची धूळ होती, वेळ लागला.

चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा सगळं लख्ख दिसलं. उत्तम अर्धवट उठलेला, खुर्चीचा हात धरून तसाच थांबलेला. तो माझ्याकडे बघत होता.

मग तो उन्हात मिक्लोशकडे गेला आणि त्यानं हात पुढे केला.

"अरे!" गफूरभाई ओरडले. "ह्याला काय झालं?"

०००

पाचच्या आधीच सह्या झाल्या. बरोबरी. उत्तमचे पाच गुण! शेठजी हार घेऊन तयार होते. पण राघवनसाहेब नियमाचे पक्के. "दप्तरासाठी बंद चाल लागेल," असं म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर पाकीट कापलं. आत बघितलं. उलटं करून झटकलं.

काहीच पडलं नाही. उत्तमचा हात आपोआप खिशाकडे गेला. कागद बाहेर आला. त्याचा चेहरा त्या पाकिटासारखा पांढरा झाला.

मिक्लोशनं रिकामं पाकीट हातात घेतलं, आत एक डोळा लावून बघितलं. एकट्याचा पहिला नंबर त्या पाकिटात होता आणि त्यानं तो स्वतः हात पुढे करून सोडला होता. मग त्यानं मला विचारलं, "हा पोस्टमन आहे ना?"

"हो."

"पोस्टमन!" तो म्हणाला, आणि इतका हसला की ग्लेबसुद्धा जागा झाला.

राघवनसाहेब हसले नाहीत. "बरोबरी आधी झाली आहे. बरोबरी कायम," असं जाहीर करून त्यांनी मला जवळ बोलावलं. "मिस्टर पडूळ, दोन तास पाकीट तुमच्याकडे होतं. काही लक्षात नाही आलं?"

"पाकीट कपाटात होतं, सर," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चष्मा पुसलात. बरं केलंत."

०००

पुढच्या रविवारी माळ्यावर सगळे जमलो. उत्तमनं पेढे आणले होते. गफूरभाई तोच तो किस्सा तिसऱ्यांदा सांगत होते. "मी बोल्लो, बिलकुल नको घेऊ! माझं ऐकलं असतं तर हा गेल्ता कामातून! पन ह्याला कसं सुचलं, अल्ला जाने." सगळे हसत होते. उत्तम हसत नव्हता, मीही नाही.

त्या दिवशी कोणी डाव मांडलाच नव्हता. बोलायची सगळ्यांना मोकळीक होती. चहा झाला. मी उठलो आणि सगळ्यांचे कप गोळा करायला लागलो.

"अरे सर, तुम्ही कामून?" गफूरभाई दचकले. "कोन बोल्लं?"

पाच कप घेऊन जिना उतरलो, दुकानामागच्या नळाखाली बसलो आणि एकेक करून घासायला लागलो. अठरा वर्षांत पहिल्यांदा. पाणी थंडगार होतं.

जिन्यावर पावलं वाजली. उत्तम खाली आला. त्याच्या हातात त्याचा कप होता, अर्धा भरलेला. माझ्याशेजारी उभं राहून त्यानं उरलेला चहा सावकाश संपवला आणि कप माझ्यापुढे धरला.

"सर," तो म्हणाला, "हा एक राह्यला."